लामाराची दुसरी चाल

आमच्या कुताइसी गावात बुद्धिबळ न येणारा माणूस सापडणं कठीण, आणि आपल्याला ते फार चांगलं येतं असं न वाटणारा सापडणं त्याहून कठीण. रिओनी नदीच्या पुलावरून बाजाराकडे चालत निघा. वाटेतला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून शेजारच्या पटात डोकं घालून उभा असेल आणि गिऱ्हाईकही तिथेच, साबणासकट. असल्या गावात एखाद्या बाईला पुरुषांनी पटावरून उठून जागा करून द्यावी, ही लहान गोष्ट नव्हती. लामारा जापारिद्झेला ते जागा द्यायचे.

लामारा शिवणकारखान्यात कापड बेतायची. चाळीस पदरी कापडाचा थर, त्यावर खडूची रेघ आणि हातात सुरी. एकदा पातं फिरलं की चाळीस कोटांच्या चाळीस बाह्या सुटायच्या, आणि चुकलं तर चाळीसच्या चाळीस बाद. ती चुकत नसे. संध्याकाळी हात धुऊन ती बागेतल्या क्लबात यायची. उंच, हाडापेराने मोठी, बोलणं मोजकं. मास्टर हा किताब तेवढा तिला मिळायचा होता. बाकी गावातल्या बायकांत तिच्या तोडीची कुणी नव्हती आणि पुरुषांतही तिला हमखास हरवणारे फार थोडे होते. क्लबाच्या भिंतीवर एक पाटी होती, तिच्यावर गावातल्या मास्टरांची नावं सोनेरी रंगात लिहिलेली. सगळी पुरुषांची. त्या पाटीवर आपलं नाव यावं एवढीच लामाराची इच्छा होती. ती तिने कुणाला सांगितली नव्हती, पण पाटीकडे न बघता ती कधी कोट काढून खुंटीला अडकवत नसे.

क्लब चालवायचे बिचिको मास्तर. बिचिको म्हणजे पोरगा. आईबापांनी लाडाने ठेवलेलं नाव माणूस सत्तरीला टेकला तरी बदलत नाही, त्यामुळे आमच्याकडे पांढऱ्या मिशांचे पोरगे पुष्कळ. मास्तर तिरसट होते, पण शिकवण्याच्या बाबतीत त्यांच्यासारखा हाडाचा माणूस झाला नाही. कुणी कुणाशी खेळायचं हे ते ठरवत. तुम्हाला वाटलं, आज शेजारच्या वानोशी एक डाव टाकू, तर चालायचं नाही. "वानोला हरवून तुला काय मिळणार? नुसती भूक वाढेल," असं म्हणून ते तुम्हाला मानगूट धरल्यासारखं दुसऱ्याच टेबलाशी नेऊन बसवत.

एके दिवशी बाजारात चीज विकणारी दोदो आपल्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन क्लबात आली. दोदोचा आवाज असा, की बाजाराच्या या टोकाला भाव सांगितला तर त्या टोकाची बाई घासाघीस सुरू करील.

"मास्तर, ही माझी नानुली. चीजवाल्यांच्या रांगेत हिने एकाला शिल्लक ठेवलं नाही. माझी गिऱ्हाइकं तुटायला लागली. हिला तुमच्याकडे ठेवून घ्या."

मास्तरांनी पोरीशी स्वतः एक डाव खेळून पाहिला. पोर हरली, पण हरताना तिचे कान लालबुंद झाले आणि तिने शेवटच्या प्याद्यापर्यंत डाव सोडला नाही. मास्तरांनी दोदोला चहा पाजला, म्हणजे पोर ठेवून घेतली हे सगळ्यांना कळलं. नंतर त्यांनी लामाराला बाजूला घेतलं.

"ऐक. वरच्यांशीच खेळवलं तर ही पोर मार खायला शिकेल. खालच्यांशीच खेळवलं तर माजेल. हिला वरचढ कुणीतरी हवंय, पण हाताला लागेल असं. कपाटावरच्या बरणीसारखं. खुर्ची घेऊन टाचा उंचावल्या की बोटं टेकतील, अशी."

"आणि ती बरणी म्हणजे मी?"

"तूच. बाकीचे एक तर छताला टांगलेत, नाहीतर जमिनीवर सांडलेत."

लामारा हसली. तिला त्यात मोठेपणाच वाटला.

"आणखी एक," मास्तर म्हणाले, "मधूनमधून एखादा डाव तिला सुटला पाहिजे. पण भीक घातल्यासारखा नको. पोर तिखट आहे, तिला वास येईल. तिने जिंकलंय असंच तिला वाटलं पाहिजे."

हरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या हुशार पोरासमोर हरून दाखवावं. लामाराने पहिल्यांदा वजीर उघडा टाकला, तर नानुली नाक उडवून म्हणाली, "हे काय? परत घे. मला असं नको." मग लामाराने विचार केला. तिने शोधून काढलेली युक्ती साधी होती. पट बघायचा, सगळ्यात चांगली चाल शोधायची आणि ती न खेळता तिच्या खालची, दुसऱ्या क्रमांकाची चाल खेळायची. दुसरी चाल वाईट नसते. कुणी बोट ठेवू शकत नाही. पण अशा चार दुसऱ्या चाली एका डावात पडल्या की डाव हळूच कलंडतो, आणि समोरच्याला वाटतं, आपणच रेटला.

हे हातचं राखून खेळणं तिला इतकं छान जमलं, की मास्तरही कधी कधी घोळात पडत. "आजचा खरा की दिलेला?" ते कुजबुजत विचारायचे. लामारा पापणी मिटून सांगायची, दिलेला. आणि पलीकडे नानुली खुर्चीवर उभी राहून सगळ्या क्लबाला ओरडून सांगत असायची, "मावशीला हरवलं! मी मावशीला हरवलं!"

मावशी ती पहिल्या महिन्यातच झाली. आमच्याकडे एक वेडेपणा आहे: आई लेकराला लाडाने आईच म्हणते, आजी नातवाला आजी म्हणते. तशी लामाराही नानुलीला मावशी म्हणायची. "ये मावशी, आधी मक्याची भाकरी खा, मग खेळू." "नको मावशी, आधी खेळू." दोन मावश्या पटाच्या दोन बाजूंना. बघणाऱ्याला हसू यायचं. दोदो बाजारात उभी असायची, घरी पोरीकडे बघायला कुणी नव्हतं. तेव्हा शाळा सुटली की पोर क्लबात, आणि क्लब मिटला की लामाराच्या खोलीवर. तिचे केस लामाराने विंचरले, गोवर निघाली तेव्हा उशाशी लामारा बसली. मधे एकदा लामाराचं लग्न ठरत आलं होतं. झेस्ताफोनी गावचा माणूस होता, शांत, विधुर. त्याला रविवार हवे होते. रविवार नानुलीचे होते. तो दोन महिने वाट बघून निघून गेला आणि लामाराला त्याचं फारसं दुःखही झालं नाही, असं ती म्हणायची.

प्रजासत्ताकाची बायकांची स्पर्धा दर वर्षी व्हायची. मास्टर व्हायचं तर तिथे जाऊन पुरेसे गुण मिळवायचे, दुसरा रस्ता नाही. दर वर्षी लामारा विचारायची आणि दर वर्षी मास्तर म्हणायचे, "यंदा राहू दे. पोरीची मुलांची स्पर्धा आहे त्याच सुमाराला, सराव कोण देणार? तू काय पळून चाललीस?" लामारा पाटीकडे बघायची आणि पट मांडायची.

अशी सात वर्षं गेली. आणि त्या वर्षांत केव्हातरी, नेमकं केव्हा ते कुणाला सांगता येणार नाही, नानुली खरीच तिच्या बरोबरीची झाली. आता डाव सोडावे लागत नव्हते. काही आपोआप जात होते. मास्तरांनी एकदा नेहमीसारखं विचारलं, "खरा की दिलेला?" आणि लामारा पापणी मिटायला गेली ती थांबली. तिला ठाऊक नव्हतं. तिने दुसरी चाल मुद्दाम निवडली होती, की तिला पहिली दिसलीच नव्हती? घरी जाऊन तिने तो डाव मांडून पाहिला. पहिली चाल तिथे ढळढळीत होती, शेंबड्या पोरालाही दिसावी अशी.  पण क्लबातल्या पुरुषांशी खेळताना डोळे साफ असायचे. फक्त ते लाल कान समोर आले की हात मऊ पडायचा.

छत्तिसाव्या वर्षी लामाराने मास्तरांना विचारलं नाही, सांगितलं. "यंदा स्पर्धेला बातुमीला मी जाणार आहे."

"नानुलीपण जाणार आहे यंदा," मास्तर म्हणाले. "पंधराची झाली ती."

"मग दोघी जाऊ."

बातुमीत लामारा अशी खेळली, की क्लबाला तिची ओळख पटली नसती. समुद्राकाठच्या त्या दमट सभागृहात तिने राजधानी तिबिलिसीच्या दोन नावाजलेल्या बायकांना लोळवलं. सात वर्षं दाबून ठेवलेलं बळ एकदम बाहेर आलं होतं. रोज संध्याकाळी ती आणि नानुली समुद्राकाठी चीज भरलेल्या होडीच्या आकाराच्या गरम पोळ्या खायच्या. नानुली सुटलेलं चीज बोटाने निपटत म्हणायची, "मावशी, तू मास्टर झालीस की पाटी मी रंगवणार. तुझं नाव सगळ्यात मोठं." लामाराने तिला कधी पाटीबद्दल सांगितलं नव्हतं. पोरीने आपोआप ओळखलं होतं.

शेवटच्या फेरीची जोडी लागली, तेव्हा दोघींची नावं समोरासमोर होती. हिशेब असा पडला होता: लामारा जिंकली तर मास्टर, बरोबरीने भागणार नव्हतं. आणि नानुलीला पुढच्या मोठ्या निवडीला जायचं तर हरून चालणार नव्हतं.

दुपारी बिचिको मास्तर कुताइसीहून बसने येऊन थडकले. लामाराला त्यांनी किनाऱ्यावरच्या बाकावर गाठलं. ते शेजारी बसले आणि मिशा ओढू लागले.

"काय करायचं ते तुला मी सांगायला नको," ते म्हणाले.

"नको. मला माहीत आहे. मी खेळणार आहे."

"लामारा. ती पंधराची आहे. तिच्यापुढे सगळं जग आहे. तुझ्यापुढे काय आहे? एक पाटी."

हे वाक्य मास्तरांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. खरं होतं म्हणून म्हटलं. पण काही खरी वाक्यं तोंडातच ठेवायची असतात, आणि सत्तर वर्षांत एवढं कळायला हरकत नव्हती.

"पाटीच," लामारा म्हणाली. "सात वर्षं तुमची बरणी झाले मास्तर, कपाटावरून हलले नाही. उद्या मी जिंकायला बसणार. तिलाही ते चांगलंच. कुणीतरी एकदा तिच्याशी खरं खेळलंच पाहिजे."

 मास्तरांनी तिच्या हातावर थोपटलं, आणि तिने हात काढून घेतला नाही याचा अर्थ त्यांनी आपल्याला हवा तसा लावला.

डाव सुरू झाला तेव्हा लामाराने नानुलीकडे पाहिलं नाही. नजर पटावर ठेवली. विसाव्या चालीला तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं आणि नानुलीचा राजा उघड्यावर आला होता. सभागृहातली माणसं हळूहळू त्यांच्या टेबलाभोवती गोळा झाली. नानुलीला कळलं होतं की आज समोर कुणीतरी वेगळीच बाई बसली आहे. तिचा श्वास ऐकू येत होता. लामाराला पुढची चाल दिसत होती, स्वच्छ: घोड्याचा शह, मग हत्ती आत, मग काही उरत नव्हतं. तिने एकदा ताडून पाहिलं. दोनदा ताडून पाहिलं. आणि मग, कशी कोण जाणे, तिची नजर वर गेली.

नानुलीचे कान लाल झाले होते. खालचा ओठ दातांत धरलेला, आठव्या वर्षी धरायची तसा.

लामाराच्या हाताने हत्ती उचलला आणि एक घर बाजूला ठेवला. बोट पटाशेजारच्या घड्याळावर पडलं. चाल वाईट नव्हती. कुणी बोट ठेवलं नसतं. दुसऱ्या क्रमांकाची होती.

आपण काय केलं ते तिला घड्याळ दाबल्यावर दिसलं. तिने ठरवलं नव्हतं. मायेने नव्हे, दयेने नव्हे, मास्तरांच्या शब्दाने तर मुळीच नव्हे. जिला सुरी फिरवताना कधी चूक माहीत नव्हती, त्या बाईचा हात सात वर्षांच्या वळणावर आपसूक गेला होता. नानुलीने वजिराच्या बदल्यात वजीर मारला, राजा सांभाळला, आणि पुढच्या तासाभरात तिचं कडेचं प्यादं चालत सुटलं. लामारा जीव तोडून खेळली. त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी डाव गेला.

"मावशी!" नानुली टेबलावरून वाकून तिच्या गळ्यात पडली. ती रडत होती आणि हसतही होती. "मला वाटलं मी मेले! तू अशी कधी खेळली नव्हतीस! मावशी, मी तुला खरंखुरं हरवलं ना? तुझी पाटी... मावशी, तू रागावलीस?"

"नाही गं मावशी. तू हरवलंस. खरंखुरं."

पाटी गेली होती, आणि लामाराच्या मनात आलं, निदान हे तरी राहिलं. पोरीच्या पदरात एक खरा डाव पडला. तेवढ्यावर आपण जगू. मग बिचिको मास्तर गर्दीतून आले, डोळे ओले, आणि त्यांनी तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "सोनं आहेस तू," ते कानात म्हणाले. "मला माहीत होतं, शेवटच्या क्षणी तू शहाणपणाच करशील. त्या हत्तीच्या चालीला मी ओळखलं." लामाराने तोंड उघडलं. सांगणार काय? मी मूर्ख ठरले, असं? ती मूग गिळून गप्प बसली, आणि तिथेच तिचं चुकलं.

पुढच्या रविवारी दोदोने आपल्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली जेवण घातलं. अर्धा बाजार लोटला होता. अक्रोडाचं वाटण लावलेल्या भाज्या, कोंबड्या, मक्याच्या भाकऱ्यांची चळत, आणि दोदोच्या भावाच्या मळ्यातली दारू. हा भाऊ शालिको त्या दिवशीचा तामादा होता. आमच्या जेवणात तामादाच्या शब्दाशिवाय कुणी पेला उचलत नाही. तो एकेकाच्या नावाने बोलतो, लांबलचक बोलतो, आणि तो बोलत असताना मधे तोंड घालणारा माणूस पुन्हा कुणाच्या घरी बोलावला जात नाही. आणि त्याने ज्याचं कौतुक केलं, त्याने ते मान खाली घालून घ्यायचं असतं.

शालिको गेलेल्यांसाठी बोलला, आईबापांसाठी बोलला, नानुलीसाठी बोलला. मास्तर त्याच्या शेजारीच बसले होते आणि चौथ्या पेल्यानंतर त्यांनी त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. शालिकोचे डोळे भरून आले. तो बोकडाचं शिंग दारूने काठोकाठ भरून उठला.

"माणसं हो," तो म्हणाला, "जिंकणाऱ्याचं कौतुक कुणीही करील. मी आज हरणाऱ्या बाईसाठी पितो. या लामाराच्या हातात बातुमीला मास्टरकी होती. हातात! एक चाल, आणि तिचं नाव पाटीवर. पण तिने समोर आमच्या लेकराचा चेहरा बघितला आणि हत्ती मुद्दाम बाजूला ठेवला. आणि ही आजची गोष्ट नाही बरं का! मास्तरांनी मला सांगितलं, सात वर्षं ही बाई असे किती डाव आमच्या पोरीच्या ओंजळीत गुपचूप टाकत आली. स्वतःचं नाव जाळून तिने आमच्या अंगणात दिवा लावला. लामारा, आमचं घर तुझं देणेकरी आहे!"

सगळे उठले. शिंगं, पेले वर गेले. दोदो डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होती. या सगळ्यांत एकच जण बसून होती. मग तीही उठली.

"मामा, थांब," नानुली म्हणाली.

तामादाला थांब म्हणणारी पंधरा वर्षांची पोर कुणी पाहिली नव्हती. हात तसेच वर राहिले.

"मावशी, खरं आहे हे?"

लामाराला कळत होतं की गावाने आपल्या डोक्यावर चढवलेला हा मुकुट मुकाट्याने राहू दिला तर जन्मभर मान मिळेल. कारखान्यात, बाजारात, सगळीकडे. त्यासाठी करायचं काहीच नव्हतं. मान खाली घालायची, बस. पण मग पोरीच्या पदरातला तो एक खरा डाव जायचा.

"नाही," ती म्हणाली. "खरं नाही. मी मुद्दाम काही केलं नाही."

"विनय आहे हो तिचा," मास्तर हसून म्हणाले.

"विनय नाही, मास्तर! मी जिंकायला बसले होते. मला मास्टर व्हायचं होतं. मी तुम्हाला आदल्या दिवशी बाकावर तोंडावर सांगितलं होतं. माझी चाल चुकली, आणि हिने मला हरवलं."

शालिकोने शिंग हळूच खाली आणलं. भरलेलं शिंग खाली ठेवता येत नाही, सांडतं. तो ते हातात धरून तसाच उभा राहिला. "भरल्या पानावर मला खोटं पाडतेस?" तो पुटपुटला.

दोदोच्या चेहऱ्यावरचं पाणी एवढ्यात सुकलं होतं. "म्हणजे माझ्या पोरीची वाट अडवायला बसली होतीस तू? माझ्या घरचं खाऊन? मावशी म्हणते ती तुला!"

"दोदो, खेळ आहे तो. समोर बसलं की—"

"आई, तू गप्प बस." नानुली टेबलाला वळसा घालून लामारासमोर आली होती. "बातुमीचं राहू दे. आधीचे? क्लबातले?"

इथे लामारा खोटं बोलू शकली असती.  पण एवढ्या वर्षांत तिला एकच खोटं बोलायची सवय झाली होती, आणि ते पटावरचं होतं. तोंडाने बोलायचं खोटं तिला वेळेवर सुचलं नाही.

"काही," ती म्हणाली.

"कुठले काही?"

"सुरुवातीचे. लहान होतीस. नंतर... नंतर माझं मलाच कळेनासं झालं. पण बातुमीचा खरा आहे, मावशी. तुझ्या गळ्याची शपथ."

नानुली वळून घरात गेली आणि पट घेऊन आली. कोंबडीच्या हाडांची ताटं कोपराने सारून तिने सोंगट्या मांडल्या.  एक उंट दोनदा आडवा पडला.

"बस. आत्ता, सगळ्यांसमोर. खेळ माझ्याशी."

लामाराने पटाकडे पाहिलं. जिंकली, तर या पोरीला सात वर्षांतला एकही डाव आपला वाटणार नाही. हरली, तर हे पुन्हा मुद्दामच केलं असं तिला वाटेल. बरोबरी झाली, तर ती दयाच ठरेल. बत्तीस सोंगट्या समोर होत्या आणि त्यांत खेळण्याजोगी एकही चाल नव्हती. पहिली नाही, दुसरीही नाही.

"नाही खेळणार," ती म्हणाली.

"का?"

"काहीही झालं तरी तुझा विश्वास बसायचा नाही."

"नाहीच बसणार!" नानुलीचे कान आता लाल नव्हते, चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्ही इतक्या छान हरता, लामाराबाई, की तुमचं खरं हरणं ओळखायचं कुणी? मी रात्री झोपताना ते डाव आठवायचे. भीती वाटली की आठवायचे. आता सांगा, इतकी वर्षं मी खेळले कुणाशी?"

लामाराला आधी ऐकू आलं ते फक्त "बाई", मावशी नव्हे. प्रश्न मागाहून पोचला.  तिने खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला. तिला फाटकापर्यंत पोचवायला कुणी उठलं नाही.

गावाने मग आपला निवाडा केला, गावं करतात तसा. कुणी म्हणे, पोरीवर जळली. कुणी म्हणे, हरल्यावर मोठेपणाही मिळत होता, तोही घेता आला नाही. दोदो बाजारात तिला पुरा भाव सांगायची, इतर गिऱ्हाइकांना सांगते तसा, आणि तेच लामाराला सहन होत नसे. मास्तरांनी एकदा तिच्या दाराशी येऊन हाक मारली. ती आत होती, तिने दार उघडलं नाही. क्लबात ती पुन्हा गेली नाही. स्पर्धेलाही गेली नाही. आता तिला अडवणारं कुणी नव्हतं, पण पट समोर आला की पहिली चाल कुठली आणि दुसरी कुठली हे तिला खात्रीने सांगता येत नसे. कारखान्यात ती शेवटपर्यंत कापड बेतत राहिली. बाह्या बरोबर निघायच्या.

नानुली त्याच वर्षी तिबिलिसीला गेली आणि पुढे फार मोठी झाली. पाटीवर नाव आलं, पेपरात फोटो यायला लागले. ओळखीच्या माणसाशी ती सरावालासुद्धा खेळत नाही, अनोळखीच लागतो, असं लोक तिच्याबद्दल सांगायचे आणि त्याला तिचा गर्व म्हणायचे. एका फोटोत ती नुकतीच जिंकलेली होती. टाळ्या वाजवणारी माणसं मागे दिसत होती, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती, कॅमेऱ्याकडेही बघत नव्हती. टेबलावर वाकून समोरच्या हरलेल्या बाईच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो पेपर हातोहात फिरला. शेजारची म्हणाली, "बघ कशी खाऊ की गिळू बघतेय तिला. जिंकली तरी समाधान नाही मेलीला."

लामाराने पेपर घेतला आणि सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत तो फोटो बघत राहिली. पोर काय शोधते आहे, ते तिला कळलं होतं. मग घड्या नीट घालून तिने पेपर शेजारणीला परत दिला आणि ती कापडाच्या टेबलाकडे गेली.